मेसचा ओला कचरा, वसाहतीचा पाला: एका भागीदारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

शहराच्या कडेला एक निवासी महाविद्यालय आणि त्याच्या भिंतीला लागून एक जुनी वसाहत. महाविद्यालयात मोठी मेस आणि दोन कॅन्टीन. वसाहतीत घराघराला बाग, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच झाडं. नावं, ठिकाण आणि माणसं ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

मेसमध्ये उरलेलं अन्न, भाज्यांची देठं आणि फळांच्या साली एकाच ड्रममध्ये पडायच्या आणि ठेकेदाराच्या गाडीतून कचरा डेपोवर जायच्या. डेपोवर ढिगाखाली दाबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. वसाहतीचा प्रश्न वेगळाच होता. पानगळीच्या काही आठवड्यांत पाल्याचे डोंगर साचायचे, काही जण तो पिशव्यांत भरून टाकायचे, काही जण गुपचूप पेटवायचे.

पर्यावरणशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवलं. अन्नात नायट्रोजन आणि पाणी भरपूर, पाल्यात कार्बन आणि कोरडेपणा भरपूर, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हे इतकं उघड होतं की पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. जागा, वीज आणि एक कामगार महाविद्यालयाचा. पाला आणि घरांमधला भाजीपाल्याचा कचरा वसाहतीचा. तयार खत निम्मं-निम्मं. एका पानाच्या करारात खताच्या वाटणीवर चार कलमं होती. पाला कुठे आणि किती साठवायचा, यावर एकही नव्हतं.

खरी अडचण

कचरा कुजवायचा कसा, हे दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक होतं किंवा शिकता येण्यासारखं होतं. अडचण होती वेळापत्रकांची. मेसचा कचरा सत्र चालू असताना रोज येतो आणि सुट्टी लागली की एकदम थांबतो. पाला वर्षातून एकदाच, थोड्या दिवसांत, प्रचंड येतो. घरांमधला कचरा बारा महिने येतो, पण सुट्टीत स्वयंसेवक विद्यार्थी गावी गेलेले असतात.

दुसरी अडचण अधिकाराची. प्लास्टिकचे चमचे असलेला ड्रम साइटवर आला तर 'हा घेणार नाही' असं कुणी म्हणायचं? प्राध्यापिका तासावर, महाविद्यालयाच्या इमारती आणि आवार सांभाळणाऱ्या इस्टेट विभागाचे प्रमुख कार्यालयात, वसाहतीची समिती महिन्यातून एकदा भेटणारी. ड्रमपाशी उभे असायचे फक्त कामगार काका, आणि त्यांना ते म्हणायची मुभा नव्हती.

कोणते पर्याय तपासले

चोवीस तासांत 'खत' देणारं विजेचं मशीन हा पहिला पर्याय. विक्रेत्याने आणलेला नमुना तपकिरी, भुसभुशीत आणि बिनवासाचा होता, समिती खूश झाली. प्राध्यापिकेने त्यातलं मूठभर घेऊन पाणी शिंपडलं, पिशवीत बांधून ठेवलं. काही दिवसांनी पिशवी उघडली तर आतून कोमट आणि आंबूस वास. म्हणजे अन्न वाळलं होतं, दळलं गेलं होतं, पण कुजलं नव्हतं. ओल लागताच ते काम नव्याने सुरू झालं. असा भुगा कुंडीत घातला तर रोपाच्या मुळाशीच कुजण्याची प्रक्रिया चालू होते. मशीन बाद झालं. विकत घेण्याआधी कुणीही हीच चाचणी घरी करून पाहावी, तिला काही खर्च नाही.

गांडूळखत हा दुसरा पर्याय. कच्च्या भाजीपाल्यासाठी ते उत्तम. पण खतासाठी वापरली जाणारी गांडुळं साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे तग धरत नाहीत, आणि तेल-मीठ असलेलं शिजलेलं अन्न त्यांना मानवत नाही. मेसचा बहुतेक कचरा तोच होता.

तिसरा पर्याय लांबट ढीग घालून ते वरचेवर पलटण्याचा. त्याला जागा लागते, यंत्र लागतं, आणि दर पलटणीला वास मोकळा होतो. भिंतीपलीकडे घरं असताना हा धोका कुणालाच नको होता.

निवड झाली ती न हलवता खालून हवा देण्याच्या पद्धतीची. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात १९७० च्या दशकात ती सांडपाण्याच्या गाळासाठी विकसित झाली. तळाशी छिद्रं पाडलेले पाईप, त्यावर लाकडाच्या चुऱ्याचा थर, वर मिश्रण, आणि पाईपमध्ये हवा सोडणारा, टायमरवर थोडा थोडा वेळ चालणारा ब्लोअर. असे तीन खण बांधले.

इस्टेट प्रमुखांनी सुचवलेला आणखी एक पर्याय बैठकीत पाच मिनिटंही टिकला नाही. फक्त पाला घ्यायचा, जाळीच्या पिंजऱ्यात मुरू द्यायचा, अन्नाच्या भानगडीत पडायचंच नाही. पाल्याचं खत व्हायला एक-दोन वर्षं लागतात, पण वास नाही, उंदीर नाहीत, ब्लोअर नाही. 'मग मेसच्या कचऱ्याचं काय?' असं म्हणून सगळ्यांनी तो विषय सोडला. माझ्या मते पहिल्या वर्षापुरता तोच पर्याय सर्वांत शहाणपणाचा होता.

शिजलेलं अन्न घ्यायचं का, यावर बराच वाद झाला. शेवटी अटींवर होकार मिळाला. पातळ भाग निथळून घ्यायचा, हाडं आणि थिजलेलं तेल वेगळं काढायचं, आणि आलेला ड्रम त्याच दिवशी मिश्रणात घालून झाकायचा.

मिश्रणाचा हिशोब

कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर, म्हणजे एक भाग नायट्रोजनला कार्बनचे किती भाग, २५ ते ३० ला १ आणि ओलावा ५० ते ६० टक्के, ही कंपोस्टची ओळखीची मापं. मिसळीच्या अन्नकचऱ्याचं गुणोत्तर साधारण १८ आणि ओलावा ७५ टक्के धरला, वाळक्या पाल्याचं गुणोत्तर ५५ आणि ओलावा २० टक्के धरला, तर १०० किलो अन्नाला सुमारे ३५ किलो पाला लागतो. गुणोत्तर २८ च्या आसपास येतं आणि ओलावा ६० टक्क्यांच्या जवळ, म्हणजे वरच्या काठावरच.

३५ किलो हा आकडा फसवा आहे. ओलं अन्न जड आणि घट्ट, पाला हलका आणि फुगीर. वजनाला तिसरा हिस्सा असलेला पाला आकारमानाने अन्नाच्या दुप्पट ते तिप्पट भरतो. सकाळच्या घाईत कुणी वजनं करत बसणार नव्हतं, म्हणून नियम ड्रममध्ये ठरला: एक ड्रम अन्नाला तीन ड्रम चुरलेला पाला. पाला चुरूनच घ्यायचा, कारण अख्खी पानं भिजली की ओल्या वहीच्या पानांसारखी एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यातून हवा जात नाही. वरून तयार खताचा वीतभर जाड थर. उबेबरोबर वर येणारी दुर्गंधी तोच गाळून घेतो.

सुरुवातीचे आठवडे छान गेले. काही दिवसांतच लांब दांड्याच्या थर्मामीटरने ५५ अंश ओलांडले. हवा दिलेल्या ढिगात सलग तीन दिवस ५५ अंश किंवा जास्त, हा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा मुळात गाळासाठीचा निकष कंपोस्टवाले सर्रास वापरतात, कारण तेवढ्या तापात रोगजंतू मरतात. विद्यार्थ्यांनी तापमानाचा आलेख दारावर चिकटवला. पाहुण्यांना दाखवायला तो सोयीचा होता.

वास सुटला तेव्हा

सत्र अर्ध्यावर आलं आणि चुरलेला पाला संपत आला. काकांनी तीनाचे दोन ड्रम केले, मग दीड. सांगायचं कुणाला हे ठरलेलंच नव्हतं. अन्नाचे ड्रम मात्र वाढत होते, कारण महाविद्यालयात कार्यक्रमांचे दिवस होते. भिंतीलगतच्या घरांतून पहिली तक्रार आली, मग एकाच आठवड्यात अनेक.

पहिला उपाय म्हणून ब्लोअर जास्त वेळ चालवला, आणि त्याने परिस्थिती आणखी बिघडली. हवा नेहमी सोपी वाट धरते. पाईपच्या आसपासचा भाग वाळून त्यात भेगा पडल्या, सगळी हवा त्या भेगांतून वर निघून गेली, आणि मधला ओला गोळा तसाच राहिला. कुणीतरी वास मारणारं द्रावण फवारायचं सुचवलं. प्राध्यापिकेने साफ नकार दिला आणि एक खण उघडायला लावला.

वरचा हात-दीड हात भाग गरम आणि भुरा होता. त्याखाली काळा, गार, चिकट थर. त्यातलं मूठभर घेऊन काकांनी दाबलं तर बोटांच्या फटींतून पाण्याची धारच लागली. नीट ओलाव्याच्या मिश्रणातून दाबल्यावर जेमतेम एक-दोन थेंब यावेत. दारावरच्या आलेखात यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण थर्मामीटर रोज वरूनच तेवढाच खुपसला जात होता.

तातडीच्या बैठकीत तीन मार्ग समोर आले: प्रकल्प थांबवायचा, घरांमधला कचरा बंद करायचा, किंवा मेसचा निम्मा कचरा पुन्हा ठेकेदाराकडे वळवायचा. घरांमधला कचरा बंद करणं सगळ्यात सोपं होतं, त्यासाठी एक सूचना लावली की झालं. पण त्याचं प्रमाण थोडं होतं आणि तो स्वच्छही होता, ते बंद करून ढिगाला फारसा फरक पडला नसता. शिवाय मेसला दुसरी सोय होती. घरातल्या माणसाची वेगळं काढायची सवय एकदा तुटली की ती परत लावणं अवघड. मेसचा निम्मा कचरा नाकारायचं ठरलं. महाविद्यालयाला तो कमीपणा वाटला, अहवालातले आकडे खाली येणार होते. तरी या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय होता असं मला वाटतं.

कार्बनसाठी आधी लाकडाचा भुसा आणायचं चाललं होतं. तो स्वस्त असला तरी बारीक असतो, ओला झाला की घट्ट बसतो आणि हवेची वाट बुजवतो. त्याऐवजी छाटलेल्या फांद्यांचा जाडसर चुरा घेतला. त्यातला कार्बन सावकाश सुटतो, पण चुऱ्यामुळे ढिगात पोकळ्या राहतात, आणि त्या क्षणी पोकळ्यांचीच गरज होती. तिन्ही खण उपसून पुन्हा भरायचे होते, त्या दिवशी वास येणार हे नक्की होतं. आदल्या संध्याकाळी दोन विद्यार्थी भिंतीलगतच्या प्रत्येक घरी जाऊन सांगून आले: उद्या सकाळी वास येईल, दुपारपर्यंत आवरतो. त्या दिवशी एकही फोन आला नाही.

नाही म्हणायचा अधिकार

यानंतर इस्टेट प्रमुखांनी एक छोटं पत्रक काढलं. साइटवरचे काका कोणताही ड्रम कुणालाही न विचारता परत पाठवू शकतील. पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या समारंभाचा ड्रम आला, वरच प्लास्टिकचे चमचे दिसत होते.

'काका, आज एवढं घ्या, उद्यापासून बघतो,' मेसचे व्यवस्थापक म्हणाले.

'उद्याचं उद्या घेतो ना, साहेब.'

ड्रम परत गेला. व्यवस्थापकांनी वर फोन केला, वरून काकांचंच म्हणणं उचलून धरलं गेलं. नेमक्या त्या एका फोनवर सगळं अवलंबून होतं. तिथे 'या वेळेपुरतं चालू द्या' असं उत्तर आलं असतं तर पत्रकाची किंमत शून्य झाली असती.

कॅन्टीनच्या कपांचा मामला जरा नाजूक होता. त्यांनी मोठ्या कौतुकाने 'कंपोस्टेबल', म्हणजे कुजून खत होतील असे, कप आणले होते. युरोपातल्या ईएन १३४३२ या मानकानुसार असं वेष्टन १२ आठवड्यांत ९० टक्के तरी इतकं बारीक तुटलं पाहिजे की ते २ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल, पण ही अट औद्योगिक कंपोस्टच्या तापमानासाठी आहे. छोट्या खणांच्या कडा तेवढ्या तापत नाहीत. चाळणीवर कपांचे काठ अख्खे निघाले. कप घेणं बंद झालं आणि कॅन्टीनने धुऊन वापरायचे पेले ठेवले.

घेवड्याची परीक्षा

वसाहतीच्या मैदानाचं कापलेलं गवतही खणात येत होतं. ते ओलं आणि नायट्रोजनने भरलेलं, पण चिंता वेगळीच होती. रुंद पानांचं तण मारणारी काही औषधं, उदाहरणार्थ क्लोपायरॅलिड, कंपोस्टच्या तापातही पूर्ण मोडत नाहीत. २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या स्पोकेन शहराच्या कंपोस्टमध्ये हेच औषध सापडलं होतं. ते आलं होतं लोकांच्या हिरवळीच्या कापलेल्या गवतातून. अब्जात काही भाग एवढंसं असलं तरी टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांची रोपं वाकडी होतात.

प्रयोगशाळेची तपासणी परवडणारी नव्हती, म्हणून कुंड्यांची परीक्षा ठरली. काही कुंड्यांत नुसती माती, काहींत माती आणि खत, सगळ्यांत घेवडा. एका खेपेच्या खतात बी नीट उगवलं, पहिली दोन पानं ठीक आली, पण त्यानंतरची कोवळी पानं आत वळून वाटीसारखी झाली, शिरा एकमेकींजवळ ओढल्या गेल्या. खत कच्चं असतं किंवा त्यात मीठ जास्त असतं तर उगवणच कमी झाली असती, कडा करपल्या असत्या. ही खूण तणनाशकाचीच. मैदान सांभाळणाऱ्याला विचारल्यावर फवारणी झाल्याचं त्याने मान्य केलं.

ती खेप रहिवाशांना दिली नाही, महाविद्यालयाच्या हिरवळीवर पसरली. गवताला या औषधाचा त्रास होत नाही. मात्र त्या हिरवळीचं कापलेलं गवत पुन्हा खणात येऊ द्यायचं नाही, हे काकांच्या वहीत ठळक लिहिलं गेलं. परीक्षेशिवाय कोणतीही खेप वाटायची नाही, हा नियम तेव्हापासून कायमचा झाला.

निकाल

मेसचा सगळा कचरा इथे जिरत नाही, जेवढ्याला पाला पुरतो तेवढाच घेतला जातो. पाला साठवायला जाळीचे पिंजरे झाले, आणि साठा ठरलेल्या खुणेखाली गेला की अन्नाचे ड्रम आपोआप कमी होतात, त्यासाठी बैठक लागत नाही. सुट्टीत नवं मिश्रण भरत नाहीत, जुने खण मुरत ठेवतात. घरांमधला कचरा तेवढ्या काळात पाल्याच्या पिंजऱ्याशेजारच्या छोट्या कुंडीत जातो. ती वसाहतीतली कुटुंबं पाळीपाळीने पाहतात.

वासाच्या तक्रारींसाठी एक वही ठेवली गेली. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, आणि त्या दिवशी साइटवर काय काम झालं. काही तक्रारींच्या वेळी खणांना कुणी हातही लावलेला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की वास मेसमागे ड्रम धुतात तिथल्या तुंबलेल्या पाण्याचा होता. धुण्याची जागा हलवली आणि बऱ्याचशा नोंदी थांबल्या. एका घराची तक्रार मात्र अजून चालू आहे, आणि ती नेहमीच चुकीची असते असंही नाही.

ज्या खताच्या वाटणीवर करारात सर्वांत जास्त शाई खर्च झाली, त्यावर भांडण कधी झालंच नाही. रहिवाशांनी आपला निम्मा वाटा पूर्ण नेलाच नाही. लोकांना खत पिशवीत, चाळलेलं, सुट्टीच्या दिवशी हवं होतं, ढिगातून फावड्याने उपसून नव्हे. शिवाय शिजलेल्या अन्नाच्या खतात मीठ थोडं जास्त राहतं, त्यामुळे कुंडीत ते मातीच्या पाव हिश्शापेक्षा जास्त घालू नका, असं सांगावं लागतं. म्हणजे मागणी आणखी घटली.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात सत्राच्या पहिल्या दिवशी व्हायला नको होती. ती पानगळीला व्हायला हवी होती, अन्नाचा एकही ड्रम न घेता. आधी एक पूर्ण हंगाम पाला चुरून साठवायचा, त्या साठ्यावरून अन्न किती घेता येईल ते काढायचं आणि तेवढंच घ्यायचं. इथे उलट झालं. मेसचा कचरा किती आहे यावरून खणांचा आकार ठरला. इस्टेट प्रमुखांच्या सूचनेत हेच दडलेलं होतं, पण ती भित्रेपणाची म्हणून बाजूला पडली.

थर्मामीटर एकाच जागी खुपसण्याऐवजी दर वेळी तीन खोलींवर, मध्ये आणि कडेला, असं मोजलं असतं तर काळा थर तक्रारीच्या आधी सापडला असता. मूठ दाबून पाहायला तर साधनही लागत नाही.

विद्यार्थ्यांवर टाकलेली जबाबदारीही जास्त होती. आलेख, घेवड्याच्या कुंड्या, घरोघरी सांगणं ही त्यांची कामं त्यांनी चोख केली. पण दरवर्षी जाणती मुलं शिक्षण संपवून जातात. रोजचं काम पगारी माणसाकडे आणि तपासणी विद्यार्थ्यांकडे, ही विभागणी पहिल्या दिवसापासून कागदावर हवी होती.

आणखी एका गोष्टीवर अजून एकमत नाही. कचरा डोळ्यांसमोर मोजला जाऊ लागल्यावर मेसने अंदाज सुधारला, कमी अन्न शिजवलं, कमी उरलं. प्रकल्पाचा वार्षिक अहवाल मात्र 'किती ड्रम कुजवले' यावर बेतलेला होता, त्यात हे यश घट म्हणून दिसलं. आता अहवालात उरलेल्या अन्नाचे ड्रम आधी आणि खताचे नंतर लिहितात. पण ब्लोअर आणि पाला चुरायचं यंत्र बदलायची वेळ आली आहे, आणि ज्यांच्याकडे पैसे मागायचे ते अजून कुजवलेल्या ड्रमांचाच आकडा विचारतात. नव्या यंत्राचा खर्च दोघांनी कसा वाटून घ्यायचा, हे कराराच्या पुढच्या बैठकीत ठरायचं आहे.